जुन्या बॉक्स्टरची बॅटरी सारखी उतरते? डायनामो बदलायच्या आधी मीटर लावा

चार दिवस गाडी उभी राहिली की पाचव्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक टक टक. डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, सेल्फ काही उचलत नाही. जंपर लावला की लगेच चालू, मग दिवसभर कितीही फिरवा काही तक्रार नाही, आणि परत चार दिवस उभी राहिली की तेच. बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही पेटत नाही. जुनी स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी भेटतंच, आणि यावर आपल्याकडे ठरलेला इलाज म्हणजे आधी बॅटरी नवीन टाका, तरी नाही गेलं तर "साब, डायनामो गया है, नया डालना पडेगा", आणि डायनामो बदलूनही नाही गेलं तर गाडीच जुनी झाली म्हणून हात वर.

माझी गाडी २००३ची पोर्शे बॉक्स्टर, कापडी छप्पर उघडणारी, ९८६ मॉडेल, २.७ लिटरवाली, मुंबईत पार्ल्यात सोसायटीच्या आवारात गुलमोहराखाली उभी असते. पण इथे जे लिहितोय ते जुनी बीएमडब्ल्यू झेड-थ्री, मर्सिडीज एसएलके, माझदा एमएक्स-फाइव्ह, कुठल्याही वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला लागू पडेल, फक्त बॅटरी कुठे आणि फ्यूज कुठला एवढा फरक. माझं म्हणणं एकच आहे आणि ते अगदी कळकळीने सांगतोय: हे लक्षण एक असलं तरी त्यामागे वेगवेगळे बिघाड असतात, आणि बऱ्याचदा एकाच वेळी दोन असतात, म्हणून एक पार्ट बदलून बरं वाटत नाही. माझ्या गाडीत दोन होते. कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी मीटरने चार ठिकाणी मोजा. लॅमिंग्टन रोडला हजाराच्या आत चांगला मल्टिमीटर मिळतो, फक्त त्याला दहा अँपियरचं वेगळं भोक असलेला बघून घ्या, आणि जमलं तर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. क्लॅम्प घेताना नीट विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. सकाळी पाणी नाही म्हटल्यावर टाकीच फुटकी असेल, खालून पंप नीट चढवत नसेल, पंप चांगला पण मधला पाइप गंजून बारीक झाला असेल, नाहीतर रात्रभर कुणाचा तरी नळ वाहत असेल. बॅटरी, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा, ज्याला गॅरेजमध्ये डायनामो म्हणतात तोच), मधली केबल आणि गाडी बंद असताना होणारी गळती, या चारच जागा. क्रमाने बघायच्या.

त्याआधी एक महत्त्वाचं, कारण यात लोक भलतेच अडकतात. बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या खाली प्लास्टिकच्या झाकणाआड असते, इंजिन मागे. सुरुवातीच्या गाड्यांना डिकी उघडायला साधा तारेचा खटका होता, नंतरच्या गाड्यांत तो इलेक्ट्रिक झाला. म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की बॅटरीपर्यंत पोचायलाच करंट लागतो! अशा वेळी फ्यूज बॉक्सच्या तिथून बाहेरून बारा व्होल्ट देऊन डिकी उघडायची सोय असते, कुठे द्यायचे ते तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पान आत्ताच शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवा, रात्री अकरा वाजता बेसमेंटमध्ये शोधत बसू नका. आणि तिथून फक्त डिकी उघडायची, गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न करायचा नाही, ती वायर तेवढ्या करंटसाठी नसते, जळेल. दुसरं म्हणजे दाराच्या काचेला फ्रेम नाही, दार उघडताना काच जराशी खाली येते, बॅटरी मेलेली असेल तर ती खाली येत नाही, तेव्हा दार हिसक्याने ओढू नका, रबर फाटतं. रेडिओचा कोड हाताशी आहे ना तेही बघा, बॅटरी काढली की तो मागतो.

आता बॅटरी. पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी काहीही चालू न करता टर्मिनलवर व्होल्टेज बघायचं. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा खोटा वर दिसतो, त्यावर जाऊ नका. मग मीटर तसाच लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, त्या वेळी व्होल्टेज खाली पडणारच, पण साडेनऊच्या खाली जायला नको. आपल्या हवेत, जिथे थंडी म्हणून काही नाहीच, दहाच्या वर राहिलं तर बरं. भरलेली असूनही साडेआठ-नऊवर आपटत असेल तर बॅटरी गेली, पुढचं काही करायच्या आधी ती बदला, कारण मेलेल्या बॅटरीवर बाकीच्या टेस्ट घेतल्या तर सगळे आकडे दिशाभूल करतात. मुंबईच्या उष्म्यात बॅटऱ्या लवकर जातात हे खरं आहे, पण नवी बॅटरी काही महिन्यांत जात असेल तर दोष बॅटरीचा नाही, तिला कोणीतरी परत परत पूर्ण रिकामी करतंय. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार-पाचदा तळापर्यंत उतरली की तिची ताकद कायमची कमी होते. आणि बॅटरी बंद डिकीत असते म्हणून तिची गॅसची नळी परत बसवली आहे ना ते बघा, नव्या बॅटरीच्या वेळी हमखास सुटी राहते.

चार्जिंग मोजायचं ते दोनदा. गाडी चालू, सगळं बंद, बॅटरीवर मीटर: १३.८ ते १४.५च्या मध्ये कुठेतरी आकडा हवा. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर फुल, मागच्या काचेचं डिफॉगर, सगळं चालू करून परत बघा. ब्लोअर एकटाच पंधरा-वीस अँपियर खातो, दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा, पुढचे रेडिएटर फॅन लागले की ते वेगळेच. या लोडवर आयडलला आकडा थोडा खाली येईल, रेस पंधराशे-दोन हजारला धरली की १३.५च्या वर परत यायला हवा. इंजिन आणि हवा दोन्ही तापलेली असताना रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) मुद्दाम व्होल्टेज जरा कमी ठेवतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी ट्रॅफिकमधून आल्यावर १३.७ दिसलं म्हणून घाबरायचं नाही. पण १५च्या वर गेलं तर लगेच थांबा, रेग्युलेटर अडकलाय, बॅटरी उकळेल आणि कंट्रोल युनिटं, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, तेही जातील.

माझ्या गाडीत बिनलोडचा आकडा १३.९, सगळं छान. लोडवर मात्र १३.२, आणि रेस धरूनही १३.२च. गॅरेजमध्ये बिनलोडचा आकडा बघून एकाने सांगितलं होतं डायनामो ओके, दुसऱ्या ठिकाणी लोडचा बघून सांगितलं डायनामो खराब. दोघांनीही मीटर फक्त बॅटरीवरच लावलेला. अल्टरनेटर स्वतः काय बाहेर टाकतोय हे कुणी बघितलंच नाही, आणि या गाडीत तर बॅटरी एका टोकाला आणि अल्टरनेटर दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खी केबिन.

छप्पर सर्व्हिस पोझिशनला (मागचा भाग वर उचलून) घेऊन मागचं कार्पेट आणि इंजिनवरचं झाकण काढलं की अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटापर्यंत वरून हात पोचतो. इथे बाही, ओढणी, गळ्यातली चेन काही लोंबकळत नको, पट्टा बाजूलाच फिरत असतो आणि तो दिसायला दिसतो त्याच्यापेक्षा जवळ असतो. मीटरचं एक टोक त्या नटावर, दुसरं इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमवर. तिथे आकडा आला १४.१. बॅटरीवर त्याच वेळी १३.२. म्हणजे ०.९ व्होल्ट रस्त्यातच गायब! मग तोच रस्ता दोन तुकड्यांत मोजायचा: एक लांब वायर घेऊन मीटर थेट अल्टरनेटरचा नट आणि बॅटरीचा प्लस यांच्यात लावायचा, लोड चालू ठेवूनच, आकडा ०.३च्या आत हवा. माझा आला ०.८. तसंच इंजिनची बॉडी ते बॅटरीचा मायनस, तो आला ०.१, म्हणजे अर्थिंग ठीक. करंट वाहत नसेल तर खराब वायरही शून्य दाखवते, म्हणून ही टेस्ट लोडशिवाय घेण्यात काही अर्थ नाही, हे लक्षात ठेवा.

तर दोषी होती केबल. बॉक्स्टर आणि त्याच काळातल्या पोर्शे ९११मध्ये अल्टरनेटरकडून सेल्फकडे आणि तिथून पुढे जाणारी जी जाड केबल आहे ती वय झालं की आतून खराब होते, हे या गाड्यांची कामं करणाऱ्यांना माहीत आहे, कंपनीने नंतर सुधारलेली केबलही आणली. बाहेरून काही दिसत नाही. थिंबलजवळचं (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळचं) रबर सोलून बघितलं तेव्हा तांब्यावर हिरवा कळंक, तारा हाताने चोळल्या तर काळी पूड सुटत होती, आणि तो कळंक आत बोटभर तरी गेलेला. आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस आणि त्यात इंजिनची उष्णता, मग तांब्याचं असंच होणार. वांद्रे, वरळी, वर्सोवा असं समुद्राला लागून गाडी लावणाऱ्यांनी तर ही टेस्ट वर्षातून एकदा घ्यावीच. याच केबलचं आणखी एक लक्षण म्हणजे गाडी थंड असताना सेल्फ बरा फिरतो, पण तापल्यावर पेट्रोल पंपावर पाच मिनिटं बंद करून परत मारला की जड जातो. लोक सेल्फ बदलतात. त्याऐवजी सेल्फ मारताना बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या नटापर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर आधी केबल.

बाहेरून मागवायची नसेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बनवून मिळते, पण तीन गोष्टींवर अडून बसा. तांब्याचा गेज मुळच्या केबलपेक्षा बारीक नको. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले हवेत, हातोडीने ठोकलेले नकोत, आणि नुसतं सोल्डर तर नकोच. वरून उष्णता सोसणारी स्लीव्ह हवी, कारण केबल एक्झॉस्टपासून फार लांब नाही आणि तिला मध्ये फ्यूज नाही, घासून बॉडीला लागली तर आग लागेल. काम करताना बॅटरीचा मायनस काढलेला असलाच पाहिजे.

बॅटरीचा दिवा का पेटला नाही, असं अनेक जण विचारतात. तो दिवा अल्टरनेटर करंट बनवतोय की नाही एवढंच सांगतो. बनवलेला करंट बॅटरीपर्यंत पोचला का, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट जुन्या गाड्यांत त्याच दिव्याच्या वायरमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे किल्ली ऑन केल्यावर (इंजिन बंद) दिवा पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर ती वायर बघा, तुटली असेल तर धडधाकट अल्टरनेटरसुद्धा जागा होत नाही. आणि गाडी चालताना दिवा मंद मिणमिणत असेल तर तो बहुतेक वेळा डायोडचा (अल्टरनेटरच्या आत एसीचा डीसी करणारे भाग) इशारा असतो.

एक सवय आपल्या गॅरेजांमधून आता तरी जायला हवी. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं, आणि गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर खराब. जुन्या फियाट-अँबेसेडरच्या खऱ्याखुऱ्या डायनामोच्या जमान्यात ते खपून गेलं असेल. अल्टरनेटरवरचा लोड असा एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, एबीएस, इंजिनचा कंट्रोल युनिट यातलं काहीही उडू शकतं. बॅटरी नसल्यामुळे ती उसळी गिळायला कुणी नसतं. तुमच्या गाडीकडे कुणी असा पाना घेऊन आला तर हात धरून थांबवा. दोन व्होल्टेज मोजायला मिनिटभर लागतं, या टेस्टची गरजच नाही.

अल्टरनेटर खरंच गेला असेल तरी पूर्ण नवीन घ्यायची घाई नको. आतले कार्बन (फिरत्या भागाला घासत करंट पोचवणारे छोटे ठोकळे) झिजलेले असतात, ते रेग्युलेटरसोबतच येतात, तो एक भाग बदलला की पुष्कळ अल्टरनेटर आणखी कित्येक वर्षं चालतात. चार्जिंग कधी येतं कधी जातं, खड्ड्यात आपटलं की येतं, असं असेल तर आधी कार्बनवर संशय घ्या. डायोड बघायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून गाडी चालू असताना बॅटरीवर लावायचा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड प्लेट गेली. घूं घूं आवाज येत असेल तर बेअरिंग. मुंबईत अल्टरनेटर उघडून रिपेअर करणारे जुने कारागीर अजून आहेत आणि त्यांचं काम कित्येकदा डब्यातल्या "नव्या" मालापेक्षा भरवशाचं असतं, फक्त त्यांनी बेंचवर लोड लावून किती अँपियर येतात ते तुमच्यासमोर दाखवायला हवं.

आणि चालत्या गाडीत लाल दिवा एकदम पेटला, त्याच क्षणी स्टीअरिंग जड झालं, तर हे बॅटरीचं दुखणं समजून घरी जायचा विचार करू नका. या इंजिनला एकच लांब पट्टा आहे, अल्टरनेटर, स्टीअरिंगचा पंप, एसी आणि वॉटर पंप सगळे त्याच्यावर. पट्टा गेला म्हणजे पाणी फिरायचं थांबलं. सी लिंकवर असाल तरी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद. दोन-तीन किलोमीटरच्या हट्टापायी इंजिन जातं.

केबल बदलल्यावर माझ्या गाडीत लोडवर बॅटरीला १३.९ मिळायला लागले, सेल्फ पण झटकन फिरायला लागला, आणि तरीही आठवड्याने गाडी परत उतरली. म्हणूनच वर म्हटलं की दोन बिघाड असतात. भरणं सुधारलं, गळती तशीच होती.

गळती मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. मीटर दहा अँपियरच्या भोकात लावून बॅटरीचा मायनस आणि त्याची केबल यांच्या मध्ये घालायचा. पण आधी केबल काढून मग मीटर लावू नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस टर्मिनलला आणि दुसरं केबलच्या क्लॅम्पला चिमट्याने आधी जोडा, आणि मग क्लॅम्प हळूच उचलून बाजूला घ्या, म्हणजे करंट एक क्षणही तुटत नाही, कंट्रोल युनिटं नव्याने जागी होत नाहीत, रेडिओचा कोडही जात नाही. डिकीच्या आणि दाराच्या लॉकचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचा म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे (नंतर तो परत सोडवायला विसरू नका, नाहीतर झाकण आपटताना लॉक मोडेल). किल्ली खिशात, गाडी लॉक, आणि आता नुसतं बसायचं. सुरुवातीला आकडा अँपियरमध्ये असतो, हळूहळू एकेक युनिट झोपतं आणि खाली येतो, यात वीस मिनिटं ते तास जाऊ शकतो. या मधल्या वेळात आकडा बघून "बापरे दोन अँपियर खातेय" म्हणून निष्कर्ष काढणारे खूप जण बघितलेत. आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जागच्या जागी उडेल.

शेवटी आकडा ५० मिलिअँपच्या आत स्थिरावला तर गाडी निर्दोष. सत्तर अँपियर-अवरची (एक अँपियरने सत्तर तास पुरेल एवढी) बॅटरी असेल तर ५० मिलिअँप म्हणजे दिवसाला सव्वा अँपियर-अवर, तीन आठवडे गाडी नुसती उभी राहिली तरी सेल्फ मारेल. माझा आकडा स्थिरावला ४०० मिलिअँपवर. दिवसाला साडेनऊ-दहा अँपियर-अवर, चार दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी साफ. चार दिवसांचं कोडं इथे सुटलं.

कुठल्या सर्किटवर आहे हे शोधायला लोक एकेक फ्यूज उपटत जातात. चालतं, पण फ्यूज परत घालताना युनिट जागं होतं आणि परत अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज न काढता, त्याच्या डोक्यावर धातूचे जे दोन ठिपके उघडे असतात त्यांच्यावर मीटर मिलिव्होल्टला ठेवून टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य. काहीतरी आकडा दिसला की तो फ्यूज आपला. मग तेवढा एकच काढून खात्री करायची. माझ्याकडे सेंट्रल लॉकिंग आणि अलार्मच्या फ्यूजवर आकडा दिसला, तो काढला आणि ४००चे थेट ३५ झाले.

आणि आता पावसाकडे यावं लागतं, कारण मुंबईत या गाडीचा खरा शत्रू तोच. ९८६मध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचं (खरी किल्ली नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारं) युनिट सीटखाली, कार्पेटच्या पातळीला आहे. कापडी छपराचं पाणी दोन्ही बाजूंना मागे छोट्या नाल्यांतून नळीवाटे चाकांजवळ खाली जातं. त्या नळ्या तुंबल्या की पाणी बाहेर न जाता आत उतरतं आणि बरोबर सीटखाली साचतं. गुलमोहराची ती बारीक पाकळ्यांसारखी पानं जाळीतून सहज आत जातात, एप्रिल-मेमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा पडतो तोही, आणि वरून मेट्रोच्या आणि टॉवरांच्या कामांची धूळ. हे सगळं भिजून नळीत काळा लगदा होतो. माझ्या गाडीत मागची बाजू कोरडी दिसत होती, कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं. सीटचे बोल्ट काढून सीट उचलली, कार्पेट वर केलं, खालच्या फोमवर बोट दाबलं तर भोवती पाणी वर आलं. युनिटच्या डब्यावर पाण्याची रेघ, कनेक्टरच्या पिना हिरव्या. असं ओलं युनिट धड मरतही नाही आणि झोपतही नाही, रात्रभर जागं राहून करंट खात बसतं. कधी लॉक आपोआप उघडणं, कधी उगाच अलार्म वाजणं, रिमोट मध्येच न चालणं, ही लक्षणं सोबत असतील तर थेट सीटखाली बघा.

सीट काढायच्या आधी बॅटरी काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, सीटला एअरबॅग सिस्टिमच्या वायरी आहेत. युनिट उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना आणि बोर्ड साफ केला, दोन दिवस पंख्याखाली सुकवला. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. माझं युनिट वाचलं, म्हणजे बोर्डावरच्या रेघा अजून खाल्ल्या गेल्या नव्हत्या. ते पूर्ण गेलं तर नुसता पार्ट आणून भागत नाही, गाडीच्या आणि किल्ल्यांच्या कोडसकट नव्याने प्रोग्रॅम करावं लागतं, खर्च आणि वेळ दोन्ही भरपूर, म्हणून ओल दिसली त्याच दिवशी हात घाला. फोम बाहेर काढून पिळून उन्हात वाळवायचा, नुसतं कार्पेट वाळवून काही होत नाही. नळ्या साफ करायला जाडसर नायलॉनची तार किंवा बारीक लवचिक पाइप हळूहळू फिरवत घाला आणि वरून मगभर पाणी ओतून खाली पडतं का बघा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग पाणी कायमचंच आत. पुढे काचेखाली बॅटरीच्या दोन्ही बाजूंना पण पाण्याच्या वाटा आहेत, त्याही त्याच दिवशी.

बाकीचे संशयित थोडक्यात सांगतो. डिकीतला दिवा: फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, उघडून बघा दिवा विझला होता का. किल्लीमागचा इग्निशन स्विच झिजला की किल्ली काढूनही रेडिओ किंवा ब्लोअर जिवंत राहतो, या गाड्यांत हे बरंच आढळतं, आणि स्विचचा इलेक्ट्रिकचा भाग वेगळा बदलता येतो. बाहेरून लावलेला स्टीरिओ, अ‍ॅम्प, डॅशकॅम, ट्रॅकर, हे कुणी कुठून सप्लाय घेऊन जोडलेत देव जाणे, फ्यूज बॉक्सच्या मागे टेप गुंडाळलेली वायर दिसली की तिचा माग काढाच. अल्टरनेटरचा डायोड गळत असेल तर तो गाडी बंद असतानाही बॅटरी खातो, आणि तेव्हा एकही फ्यूज काढून आकडा खाली येत नाही; सकाळी थंड इंजिनमध्ये अल्टरनेटरला हात लावा, एकटाच कोमट लागला तर तोच. उंदरांनी कुरतडलेली वायर हा तर आपल्याकडचा नेहमीचा पाहुणा, चाकाच्या वरचं अस्तर काढून बघा.

आता सगळं दुरुस्त झालं तरी गाडी वापरायची पद्धत राहतेच. पावसाळ्यात संध्याकाळी हायवेला बंपर टू बंपर, हेडलाइट, वायपर, एसी, डिफॉगर सगळं चालू, इंजिन आयडलला, अशा तासाभरात बॅटरीत फारसं काही भरत नाही. आणि रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवण्याचा तर काही उपयोग नाही, बॅटरी तेवढ्यात भरत नाही आणि इंजिन पूर्ण न तापल्यामुळे ऑइलमध्ये पाणी धरतं ते वेगळं. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या, सकाळी सहाला ईस्टर्न फ्रीवे किंवा कोस्टल रोड.

जमत नसेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप हात आखडता घेणारा छोटा चार्जर. साधा जुना चार्जर महिनाभर लावून ठेवू नका, पाणी उडवतो. अडचण असते ती प्लगची. आमच्याकडे कमिटीला अर्ज दिला, माझ्या मीटरवरून वायरमनकडून वेगळी लाइन काढायची तयारी दाखवली, सेक्रेटरी काकांना चार्जरवर लिहिलेले वॅट वाचून दाखवले, आणि इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांचा विषय आधीच मीटिंगमध्ये आलेला असल्यामुळे परवानगी मिळाली. प्लग मिळणार नसेल तर लांब बाहेर जाताना मायनस टर्मिनलला फिरवून काढायचा स्विच लावा, मात्र अलार्म बंद राहील आणि इलेक्ट्रिक डिकीवाल्यांनी डिकी लॉक करून जायच्या आधी परत कशी उघडायची ते ठरवून ठेवा. मायनस परत जोडल्यावर किल्ली ऑन करून एक मिनिट इंजिन न लावता थांबायचं, मग स्टार्ट, नाहीतर आयडल थोडा वेळ वरखाली होतो, आणि दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच दाबून धरायचं म्हणजे त्यांची वर-खालीची जागा परत बसते.

विचारायचं असेल तर नुसतं "बॅटरी उतरते" असं लिहू नका, रात्रभरानंतरचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, लोडवर बॅटरीचं आणि अल्टरनेटरच्या नटावरचं, आणि तासाभराने स्थिरावलेले मिलिअँप, एवढे आकडे द्या, गाडी कुठे उभी असते तेही लिहा.